विहीणबाईंची बुधवारची तालीम

विहीणबाई,

आज बुधवार. सकाळी आंघोळ झाल्यावर मी सवयीनं बाहेर जायची साडी पलंगावर काढून ठेवली. मग लक्षात आलं. साडी परत घडी घालून कपाटात ठेवली आणि हे लिहायला बसले.

तुम्ही कशा गेलात, मागे कोण कोण आहे, हे सगळं मालगुंडात आणि रत्नागिरीत सांगून झालं आहे. ते मी लिहीत नाही. मला निहार आणि अनयासाठी निराळंच काही लिहून ठेवायचं आहे. ऑकलंडच्या त्या दोन नातवंडांवर आपला दोघींचा सारखाच हक्क. मी त्यांच्या आईची आई, तुम्ही त्यांच्या बाबांची आई. पण त्यांना ठाऊक आहे ती सुट्टीतली मालगुंडची आजी, पडवीत बसून कोलंबी सोलणारी, समुद्रावर त्यांच्यामागे ओरडत जाणारी. बुधवारची आजी त्यांना ठाऊक नाही. ती फक्त माझ्या वाट्याला आली. त्यांची आई, माझी मेधा, हे त्यांना वाचून दाखवील. बोलायचं मात्र मला तुमच्याशीच आहे, कारण आपला एक वाद अर्धा राहिला आहे आणि तुम्ही मध्येच उठून गेलात.

हे सगळं सुरू झालं ते निहारच्या एका वाक्यानं. तुम्ही रत्नागिरीला माझ्याकडे आला होतात, फोनवर मुलं दिसत होती. निहार एका मोठ्या वाडग्यातून, लालभडक रश्श्यात बुडालेलं काहीतरी दोन काड्यांनी खात होता. तुम्ही फोन डोळ्यांशी नेऊन विचारलंत, "काय रे खातोस ते?" त्यानं काहीतरी कोरियन नाव सांगितलं आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "आजी, तुला नाही आवडणार ते."

फोन बंद झाल्यावर तुम्ही तो उपडा करून ठेवलात. मी चहा टाकायला उठले तेव्हा मागून आवाज आला.

"इनबाय," विहिणीला तुमच्याकडे इनबायच म्हणत, "मी खाल्लंच नाय, तर मला आवडनार नाय हे ह्या पोराला कुनी सांगितलं?"

"लहान आहे तो. सहज म्हणाला."

"सहज म्हनाला तेच तर वाईट. उद्या आपन गेलो त्यांच्याकडं, तर ती चौघं एक खातील आनि आपल्या दोघींसाठी वेगळा भात टाकतील. मला नको तो वेगळा भात."

मला तेव्हा हसू आलं. तुम्हाला आलं नाही.

पुढच्या बुधवारी तुम्ही मालगुंडहून एसटीनं आलात, आरे-वारेच्या रस्त्यानं, खिडकीपाशी बसून. केस खाऱ्या वाऱ्यानं विस्कटलेले. पाणीही न पिता जाहीर केलंत, "आजपासून आपली तालीम. दर बुधवारी बाहेर जेवायचं. आपल्या घरात जे शिजत नाय तेच मागवायचं. नि तोंड वाकडं करायचं नाय."

"अहो, मी शाकाहारी आहे," मी म्हणाले.

"मग पाला खा. पन दुसऱ्यांचा पाला खा."

मिरकरवाड्याच्या बंदराकडे उतरणाऱ्या एका बोळात सरिताचं हॉटेल आहे. ट्रॉलरवर काम करायला नेपाळहून जे खलाशी येतात, त्यांच्यासाठी तिनं आणि तिच्या नवऱ्यानं ते काढलेलं. पत्र्याचं छप्पर, चार बाकं, बाहेरून जाणाऱ्या बर्फाच्या गाड्यांचा खडखडाट. दोन म्हाताऱ्या तिथे जेवायला आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. सगळे सरकून बसले. मी आधी पाण्याच्या पिंपावर झाकण आहे का ते पाहिलं, बाक रुमालानं पुसलं आणि पर्समधून माझा चमचा काढला.

"चमचा आनलात?" तुम्ही म्हणालात. "पुढच्या खेपेला पाट नि रांगोळी पन आना."

सरितानं दोन बश्या पुढे ठेवल्या. पांढरे, वाफाळते, नीट कळ्या पाडलेले मोमो. मी थांबले. मुलाच्या आईनं घास घेतल्याशिवाय मुलीच्या आईनं ताटाला हात लावायचा नाही, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं की बंदरावरच्या त्या बोळातही ते सुटलं नाही. तुम्हीही थांबलात, कारण मी वयानं मोठी. आपण दोघी बश्यांकडे पाहत बसून राहिलो. सरिता दोनदा येऊन पाहून गेली. शेवटी न राहवून तिनं विचारलं, "आमा, काय झाला? आवडला नाय?" आमा म्हणजे त्यांच्याकडे आई.

"अगो, आमच्यात मान असतो," तुम्ही तिला सांगितलंत आणि माझ्याकडे वळलात. "मी वरमाय ना? मान माझा ना? मग मी हुकूम करते. आधी तुम्ही खा. काय झालंच तर आधी तुम्हाला होईल."

तेव्हापासून प्रत्येक अनोळखी पदार्थाचा पहिला घास माझा ठरला, तुमच्या मानाखातर. आणि जे व्हायचं ते आधी मला होणार होतं, विहीणबाई. हा करार तुमचाच होता.

त्या दिवशी मात्र आपण दोघींनी मिळून गाढवपणा केला. मोमो म्हणजे काय ते मी वाचलेलं होतं. पण समोर वाफाळत्या कळ्या दिसल्या की कोकणातल्या बाईचा हात तुपाकडेच जातो. तुम्ही सरिताकडे तूप मागितलंत. तिच्याकडे होतं. तुम्ही मोमोचं नाक मोडलंत, आत तुपाची धार सोडलीत, मी माझी बशी पुढे केली, आणि आपण दोघींनी डोळे मिटून घास घेतला. दाताखाली कोबी आणि लसूण.

"अगो पोरी," तुम्ही कळवळून म्हणालात, "तुझ्या सारनात मीठ पडलंय!"

खलाशी बाकावरून खाली पडायचे राहिले. सरिता पदर तोंडाला लावून आत पळाली. तुम्ही मात्र राहिलेले मोमो तसेच तुपासकट संपवलेत आणि वर तिला सांगितलंत, की कळ्या सुबक आहेत, पण टोक नीट बंद होत नाही, गणपतीत ये, शिकवते. ती खरोखरच आली, मालगुंडला, तुमच्याकडे. मोदक वळले आणि म्हणे सगळ्यांत तिचेच चांगले झाले.

आता सांगते. यजमान गेल्यापासून माझं जेवण म्हणजे वरणभात आणि एक भाजी, बरोबर साडेबाराला, भिंतीकडे तोंड करून. त्यात मला काही कमी आहे असं वाटत नव्हतं. त्या बुधवारी घरी आल्यावर मी रात्री परत हसले, एकटीच, आरशासमोर. ते तुम्हाला सांगायचं राहिलं.

पुढे तुम्ही त्या हॉटेलातल्या होऊनच गेलात. एकदा सरिताची टोमॅटोची चटणी जिभेवर ठेवली आणि तुम्ही केवढ्यानं ओरडलात, "इनबाय, तिरफळ!" बांगड्याच्या आमटीत तुम्ही टाकता ते तिरफळ मी कधी खाल्लेलं नाही, त्यामुळे माझी नुसती जीभ झिणझिणली. सरितानं आतून चटणीतल्या टिमूरचे दाणे आणले. तुम्ही ते चुरडून हुंगलेत. पुढच्या बुधवारी मालगुंडची तिरफळं पदरात बांधून आणलीत आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहत बसलात. "बहिनी आहेत," तुम्ही निकाल दिलात. "एक डोंगरात दिली, एक समुद्रावर."

आणि ते गुंद्रुक. आंबवून वाळवलेल्या पाल्याचं आंबट सार. मला त्याचा वास सोसेना. मी हुकमाप्रमाणे पहिला चमचा घेतला, तोंड वाकडं केलं नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही वाटी तोंडाला लावलीत, संपवलीत आणि दुसरी मागितलीत. मी विचारलं, एवढं काय आहे त्यात? तुम्ही म्हणालात, "पावसात होड्या बंद असतात तेव्हा आपन सुकट काढतो ना? तशी ही त्यांची पाल्याची सुकट. घरात काय नसताना खायचं आहे हे. चांगलंच असनार."

सगळंच काही आपण गोड मानून घेतलं नाही. बसस्टँडजवळच्या त्या गाडीवरचं मंचुरियन तुम्ही एका घासात बाजूला सारलंत. "हे कुनाचंच नाय," म्हणालात. राजस्थानी हॉटेलातली बाटी तुम्हाला चावता आली नाही आणि त्याचा राग तुम्ही माझ्या दातांवर काढलात, कारण माझे अजून शाबूत आहेत.

आपला वाद सुरू झाला तो हायवेवरच्या त्या केरळी कुटुंबाच्या खानावळीत. नळीत वाफवलेला तांदूळ आणि नारळ, पुट्टू त्याचं नाव, आणि वर काळ्या चण्यांची उसळ. तुम्ही हळहळत होतात. तांदूळ आपल्याकडे, नारळ आपल्याकडे, आणि आपल्याला मेलं हे सुचलं नाही! मग एकदम, बोटं चाटत, म्हणालात, "इनबाय, तालीम पुरे झाली. आता जाऊया."

"कुठे?"

"ऑकलंडला. तुम्हाला ओढत नेऊन पासपोर्ट काढलाच आहे मी दोघींचा. आता ठेवायचा काय देव्हाऱ्यात?"

"मुलं येतात की दर दोन वर्षांनी."

"ती पावनी म्हनून येतात. आपन त्यांच्याकडं कधी बगायचं? निहार सकाळी कुठल्या कुशीवर उठतो, अनया शाळेतून आल्यावर दप्तर कुठं टाकते, मला ते बगायचं हाय."

मी गुडघे सांगितले. आंब्याच्या कलमांची राखण सांगितली. तुम्ही दोन्ही खोडून काढलीत. मग मी खरं कारण सांगितलं. माझी आई माझ्या सासरी यायची तेव्हा आमच्या घरचं पाणीसुद्धा प्यायची नाही. तिच्यासाठी तांब्या शेजारणीकडून यायचा. मुलगी दिली त्या घरी राहायचं नाही, खायचं नाही. मी शिकलेली आहे, इंग्रजी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, एवढं कडक मी पाळत नाही. पण जावयाच्या घरात महिना महिना जाऊन राहणं माझ्या मनाला पटत नाही.

तुम्ही हसला नाहीत. तुम्हाला ते कळलं. म्हणालात, "ऑकलंडात शेजारीन कुठून आनाल, ते सांगा. आनि ते घर जावयाचं नाय. माझ्या पोराचं म्हनजे माझं. मी बोलावते तुम्हाला. माझी पावनी म्हनून चला."

"पाहू," मी म्हणाले.

त्यानंतर किती बुधवार मी "पाहू" म्हणत राहिले. तुम्ही एकट्या जाऊ शकला असतात. मी तसं म्हटलंही. "मी एकटी गेले तर तुम्ही कधीच जानार नाय," हे तुमचं उत्तर. त्यावर मी पुट्टू, डोसा, समोर असेल त्याच्यावर विषय नेला. मला अजूनही वाटतं, माझ्या आईच्या नियमात काही शहाणपण होतं. मुलीच्या संसारात आपली सावली पडू नये, एवढंच त्यात होतं. ते तुम्हाला नीट समजावून सांगायचं मनात होतं. शेवटच्या बुधवारीसुद्धा तुम्ही एसटीत चढताना पायरीवरून वळून विचारलंत, "मग?" आणि मी खालून हात हलवला.

तुमचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी तुमचा नीलेश आणि मेधा माझ्याकडे आले. नीलेशचं डोकं भादरलेलं, चेहरा लहान मुलासारखा झालेला. त्यानं चहाचा कप तसाच बाजूला ठेवला. मग म्हणाला, "आई बुधवारी कुठे जेवायची? मला तिथे न्या."

बोळाच्या तोंडाशीच सरितानं आम्हाला पाहिलं. मला पाहिलं, माझ्या बाजूची रिकामी जागा पाहिली, मग नीलेशचं डोकं. हातातला झारा तिनं खाली ठेवला.

"आमा?" तिनं मला विचारलं. मी मान हलवली.

ती फडकं घेऊन आपलं दोघींचं बाक पुसू लागली. पुसून झालं तरी पुसत राहिली. मग नीलेशकडे न बघता मला विचारलं, "दिवस पुरे झाले ना? मीठ चालेल ना याला?" त्यांच्याकडे मुलगा तेराव्यापर्यंत मीठ खात नाही, हे तेव्हा मला कळलं. मी म्हणाले, काल झाले. तेव्हा ती आत गेली आणि काही न विचारता गुंद्रुकची वाटी आणून त्याच्यापुढे ठेवली.

नीलेशनं वास घेतला आणि वाटी जरा लांब सरकवली. "आई हे खायची?"

"दुसरी वाटी मागून घ्यायची," मी म्हणाले.

"नाही हो. आमची आई? तिला माशाशिवाय घास उतरायचा नाही."

"मोमोत तूप घातलं होतं आमांनी," सरिता चुलीपाशी उभी राहून म्हणाली. "रडले मी हसून."

मग आम्ही दोघींनी त्याला सगळं सांगितलं. तिरफळाचं, बाटीचं, मंचुरियनचं, तुमच्या हुकमाचं. मेधा हसत होती आणि डोळे पुसत होती. नीलेश ऐकत होता, मधूनच विचारत होता, "आणि मग?" ऐकता ऐकता त्यानं वाटी पुन्हा जवळ ओढली, सावकाश सगळं सार प्यायला आणि रिकाम्या वाटीकडे पाहत म्हणाला, "मी तिला फोनवर म्हणायचो, तिकडे तुझ्या खाण्याची पंचाईत होईल. आपले मासे नाहीत, काही नाही. म्हणून तिकिटाचं पुढे ढकलत गेलो. ती कधी बोलली नाही की ती हे असलं सगळं खाते."

तुम्ही त्याला का सांगितलं नाहीत, विहीणबाई? एकदम त्याच्या टेबलाशी बसून खाऊन दाखवायचं होतं, हे मला ठाऊक आहे. सगळे थक्क झालेले पाहायचे होते. तुम्हाला सांगते, तो थक्क झाला. तुम्ही पाहायला हव्या होतात.

थोड्या वेळानं नीलेश म्हणाला, "आमच्या घराजवळ एक इथिओपियन हॉटेल आहे. सगळ्यांना मिळून एकच मोठं ताट येतं. आंबोळीसारखं पसरलेलं असतं, त्याच्यावरच सगळ्या भाज्या. सगळ्यांनी त्यातूनच हातानं खायचं. निहारची आवडती जागा." एवढं बोलून तो थांबला. मेधा वाटीतला चमचा फिरवत राहिली. तिनं मला ऑकलंडला बोलावणं कधीच सोडून दिलं होतं. माझं उत्तर तिला पाठ झालं होतं.

बोलावणारी तुम्ही होतात. तुमच्याबरोबर ते घर विहिणीचं होतं. तुमच्यामागे ते उरलं जावयाचं. तुम्ही गेलात आणि माझा जायचा मार्गच बंद झाला, असं तेरा दिवस मी मनाशी म्हणत होते. थोडी सुटकाही वाटली होती, खोटं कशाला सांगू. पण त्या बाकावर बसल्यावर मला दिसलं ते एवढंच, की त्या एका ताटाभोवती आता चौघंच बसणार, आणि मालगुंडच्या आजीनं हे कसं खाल्लं असतं, पहिला घास कुणाला घ्यायला लावला असता, काय म्हणाली असती, हे मुलांना सांगायला तिथे कुणीच नसणार. नीलेशला ते माहीत नाही. मेधाला माहीत नाही. मला एकटीलाच माहीत आहे.

"मी येते," मी म्हणाले.

"कुठे?" मेधानं विचारलं.

"तुमच्याकडे. आंबा संपला की."

नीलेशनं मान वर केली. "खरंच येता?"

"तू बोलावलं नाहीस. तरी येते."

तो उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मेधा त्याच्यामागे जायला निघाली, तिला मी बसवलं. सरितानं मला आणखी चहा दिला, मी मागितला नव्हता.

मी कबूल केलं म्हणून तुमचं म्हणणं पटलं असं मात्र समजू नका. माझ्या आईबद्दल मला तुमच्याशी अजून बरंच बोलायचं आहे. मी एक महिना राहीन, त्यांच्या स्वयंपाकघरात लुडबुड करणार नाही, आणि मुलांसमोर त्यांच्या आईला काही सांगणार नाही. हे माझे नियम. पण वेगळा भात शिजवू देणार नाही, हा तुमचा. तेवढा मी उचलला आहे.

एक गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. आपण दोघी गेलो असतो तर नीलेशच्या दारात आधी तुम्ही आत गेला असतात आणि मी मागून. तो मान तुमचा. आता उंबऱ्यावर पहिलं पाऊल मलाच टाकावं लागेल. मी ते टाकीन. पण आत गेल्यावर लगेच दार लावू देणार नाही. चपलांचे बंद सोडायला तुम्हाला वेळ लागतो. तेवढी मी दाराशी उभी राहीन.